व्हीआरमध्ये (डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं आभासी जग) अंतराचा अंदाज चुकलाय का कधी? (अनुभव)

काल भाच्याचा हेडसेट डोक्यावर चढवला आणि कॉलेजातली फजिती आठवली. एका प्रयोगात मी उंदीर होते. हेडसेटमध्ये समोर खांब दाखवायचे, मग सगळा काळोख, आणि खांब होता तिथवर चालत जायचं. ऐटीत गेले, थांबले. मागून आवाज, "अजून दोन मीटर!" खऱ्या कॉरिडॉरमध्ये डोळे बांधून हेच केलं तर जवळजवळ बरोबर पोचले. बहुतेकांचं तसंच होतं म्हणे, आतलं जग आक्रसतं. लिहा तुमचे किस्से.

भटकभवानी: टेबलावर हात टेकला. टेबल नव्हतं. हनुवटी आठवडाभर निळी.

उंटावरचा: हहपुवा! मी उलटा. मोकळ्या जागेची हद्द दाखवणारी जाळी दिसेपर्यंत मूठ टीव्हीत. घरात अजून हा विषय काढत नाहीत.

चष्मिष: मला माणसं जरा बुटकीच दिसायची. नंतर कळलं, हेडसेटमध्ये डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ६३ मिमीवर होतं, माझं ५८.

उंटावरचा: बाहुल्यांमुळे बाहुल्या!

कोडकिडा: हे एक कारण. शिवाय हेडसेटचं ओझं, नजरेची अरुंद चौकट. आणि जवळचं बघायला डोळे आत वळतात, पण फोकस अडकलेला भिंगांनी ठरवलेल्या एकाच अंतरावर. नव्या हेडसेटांत चूक कमी झालीय, गेली नाही. आत थोडं चाललं की अंदाज सुधारतो.

एकाक्ष: माझा एक डोळा आळशी. थ्रीडी सिनेमात मला ढिम्म कळत नाही. इथे मात्र डोकं हलवलं की जवळचं झर्रकन सरकतं, लांबचं रेंगाळतं. तेवढ्यावर निभावतो.

भटकभवानी: अंतर कमी वाटतं म्हणता, मग उंच इमारतीवरच्या त्या फळीवर माझी का फाटली? खाली सतरंजी आहे हे पक्कं ठाऊक होतं. पाय उचलेना. शेवटी बसून, रांगत.

मनमौजी: +१. मला तर एक अनोळखी अवतार (म्हणजे आतलं कुणाचं तरी रूप) तोंडाला तोंड लावायला आला तेव्हा मी खरीच मागे सरकले, कपाटावर. हात नव्हते हो त्याला, तरी शिसारी.

कोडकिडा: २०२२ मध्ये होरायझन वर्ल्ड्सने (मेटाचं व्हीआर जग) अवतारांत सुमारे ४ फुटांची हद्द आणली, ती ह्याचसाठी.

चष्मिष: अवांतर, भिंगं कशाने पुसता?

कोडकिडा: कोरडं मायक्रोफायबर. स्पिरिट नको. आणि उन्हात ठेवू नका, भिंगातून ऊन एकवटून पडदा जळतो.

चष्मिष: अरे देवा, माझा खिडकीतच आहे. आले.