साठीनंतरचे डोळे आणि शिकारीचा स्कोप: फिक्स्ड ६×४२ पुरेसा आहे का?

सस्क्वेहानाकाठ

पेनसिल्व्हेनियातील आमच्या गन क्लबात एक मत सर्रास ऐकू येते: नजर मंदावली की शिकाऱ्याने रायफलवर जास्त ताकदीचा, म्हणजे ३ ते ९ किंवा ४ ते १६ पट असा व्हेरिएबल (पट बदलता येणारा) स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, बसवावा. मला हे मत पटत नाही. आमच्याकडच्या ओक आणि हेमलॉकच्या दाट जंगलात व्हाइटटेल हरणावर गोळी झाडण्याची वेळ येते ती बहुधा शंभर यार्डांच्या आत, आणि अशा ठिकाणी साठी ओलांडलेल्या माणसाला ६×४२ चा फिक्स्ड स्कोपच (कायम ६ पट मोठे दाखवणारा, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे) अधिक उपयोगी पडतो, असा माझा दावा आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ही चर्चा परवाना आणि हंगाम ठरवून दिलेल्या देशांपुरती आहे, तेव्हा शिकार असावी की नसावी हा वाद कृपया येथे नको.)

चाळिशी लागते तेव्हा डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी झालेली असते, हे सर्वांना ठाऊक आहे. उघड्या साइट्स वापरताना मागची खाच, पुढचे टोक आणि हरीण या तीन वेगवेगळ्या अंतरांवर नजर जुळवावी लागते, आणि उतारवयात नेमके तेच जमत नाही. स्कोपमध्ये क्रॉसहेअर (नेमाची फुली) आणि दृश्य एकाच पातळीवर दिसत असल्यामुळे ही अडचण नाहीशी होते. मात्र ती नाहीशी होते ती स्कोपच्या रचनेमुळे. चार पट असो वा चौदा पट, हा फायदा सारखाच असतो. म्हणून ‘डोळे थकले, ताकद वाढवा’ हा निष्कर्ष चुकीच्या जागेवरून काढलेला आहे.

खरा प्रश्न आहे तो डोळा ठेवण्याच्या मोकळिकीचा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की एक्झिट प्युपिल मिळते, म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ६×४२ मध्ये ती ७ मिलिमीटर असते. ३-९×४० हा स्कोप ९ पटींवर ठेवला तर जेमतेम ४.४ मिलिमीटर उरते. जाड कोट घालून, मान अवघडलेली असताना रायफल खांद्याला लावली की गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी टेकत नाही. झोत रुंद असेल तर दृश्य पूर्ण दिसते. अरुंद असेल तर कडेने काळी चंद्रकोर येते आणि ती घालवण्यासाठी मान हलवीपर्यंत हरीण झाडांआड गेलेले असते.

ब्लूबॉनेट

आपले गणित बरोबर आहे, पण तुलना बरोबरीची नाही. ३-९×४० हा स्कोप ९ वर ठेवून त्याची तुलना ६×४२ शी का करावी? तोच स्कोप ६ वर ठेवला तर एक्झिट प्युपिल ६.७ मिलिमीटर होते, म्हणजे आपल्या लाडक्या फिक्स्ड स्कोपइतकीच. शिवाय हरीण तीस यार्डांवर उठले तर मला ३ वर येता येते. आपण ६ वरच अडकलेले असता. शंभर यार्डांवर ३ पटींना सुमारे ३३ फूट रुंदीचे दृश्य मिळते, तर ६ पटींना सुमारे १७ फूट. दाट जंगलाचाच मुद्दा असेल तर तो फिक्स्ड ६ च्या विरोधात जातो.

मी टेक्सासमध्ये शिकार करतो. येथे झुडपे तोडून केलेल्या लांब सरळ पट्ट्यांवर दोनशे यार्डांवरही हरीण उभे राहते, आणि अनेक काउंट्यांमध्ये नराच्या शिंगांमधील आतले अंतर किमान १३ इंच असावे असा नियम आहे. कान टवकारलेल्या नराच्या कानांच्या टोकांमधले अंतरही साधारण तेवढेच असते, त्यामुळे शिंगे कानांच्या बाहेर जातात की नाही हे पाहावे लागते. साठीतल्या डोळ्यांनी दोनशे यार्डांवरून कानाच्या टोकापलीकडचे दीड इंच शिंग पाहायचे असेल तर ६ पट मला अपुरे वाटते.

सस्क्वेहानाकाठ

शिंगे मोजण्याचे काम स्कोपचे नाही. आमच्याकडेही २००२ पासून शिंगांचा नियम आहे. राज्याच्या बहुतांश भागात एका बाजूला किमान तीन टोके लागतात आणि फांद्यांच्या गर्दीत ती मोजणे सोपे नसते. ती मी गळ्यातल्या ८×४२ च्या दुर्बिणीतून मोजतो. स्कोपमधून ‘बघू तरी काय आहे’ म्हणणारा शिकारी भरलेली रायफल अशा आकृतीवर रोखत असतो जी कदाचित नारिंगी जॅकेट घातलेला दुसरा शिकारी असेल. दोन डोळ्यांनी पाहिले की थकलेल्या नजरेलाही बरेच अधिक दिसते, आणि एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दुसरा डोळा त्याची उणीव भरून काढतो.

व्हेरिएबल ६ वर ठेवता येतो, हे मान्य. पण पुष्कळ व्हेरिएबलमध्ये पट बदलले की आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि मागच्या भिंगातले योग्य अंतर, थोडे पुढेमागे होते. तरुण माणूस नकळत मान सरकवून ते सांभाळतो. ताठरलेल्या मानेला ते जड जाते. स्कोप ६ वरच ठेवायचा असेल तर बाकीच्या पटींचे वजन आणि पैसे कशासाठी मोजायचे?

नेत्रतपासनीस

मी नेत्रतपासणीच्या व्यवसायातून निवृत्त झालो आहे आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात शिकार करतो. दोन्ही बाजूंनी बाहुलीचा विचार अर्ध्यावर सोडला आहे, म्हणून लिहितो.

तरुणाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत पसरते. साठीत ती अनेकांच्या बाबतीत ५ च्या आसपास थांबते. भिंग पिवळट झालेले असते ते वेगळेच. विशीच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे साधारण मानले जाते. आता ६×४२ मधून ७ मिलिमीटरचा झोत येतो आणि बाहुली ५ मिलिमीटरच उघडते, तेव्हा ४२ पैकी मधल्या ३० मिलिमीटर काचेचाच उपयोग होतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने जवळजवळ निम्मा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. त्याच भिंगावर ८ पट घेतले तर झोत ५.२५ मिलिमीटरचा होतो, दृश्याचा उजेड जवळपास तेवढाच राहतो आणि आकृती मोठी दिसते. कातरवेळी थकलेल्या डोळ्याला करड्या पार्श्वभूमीवरचे करडे हरीण ओळखायचे असते, आणि तेथे आकृती मोठी दिसण्याचा फायदा खरा असतो. या हिशेबाने क्लबातल्या मंडळींचे म्हणणे अगदीच निराधार ठरत नाही, मात्र ते ८ च्या आसपास थांबते. १४ किंवा १६ पटींवर ४२ मिलिमीटरच्या भिंगातून ३ मिलिमीटरचा किंवा त्याहूनही अरुंद झोत येतो आणि तो म्हाताऱ्या बाहुलीलाही कमी पडतो.

चष्म्याबद्दल आणखी एक. प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा घालून गाल दस्त्यावर टेकवला की डोके पुढे झुकते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. तेथे प्रतिमा वाकडी दिसू शकते. असे अनेक शिकारी स्कोपला नावे ठेवतात, प्रत्यक्षात दोष चष्म्याचा असतो. शिकारीसाठी केवळ लांबच्या नंबरचा, साध्या काचेचा वेगळा चष्मा करून घ्यावा. स्कोपच्या आयपीसने (डोळ्याकडच्या, फिरवता येणाऱ्या भागाने) लांबचा किंवा जवळचा नंबर भरून निघतो, पण सिलिंड्रिकल नंबर निघत नाही. त्यासाठी चष्मा लागतोच. स्कोपमधला लाल प्रकाशित ठिपका कुणाला ताऱ्यासारखा फाटलेला दिसत असेल तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

श्वार्त्सवाल्ड

जर्मनीतून लिहितो. येथे रानडुकराची शिकार रात्रीही करता येते आणि मचाणावर बसून चांदण्यात वाट पाहणाऱ्यांचा ८×५६ हा जुना, फिक्स्ड स्कोप आहे. वरचे गणित त्यालाही लागू होते: ७ मिलिमीटरचा झोत, आणि माझ्यासारख्या पासष्टीच्या माणसाला त्यातले ५ पुरेसे. तरीही मी तो काढणार नाही, कारण अंधारात डोळा कुठे ठेवला आहे हे आपल्याला दिसत नसते आणि वाया गेलेले ते दोन मिलिमीटरच मान सरळ करायला वेळ देतात. सस्क्वेहानाकाठ यांचा मोकळिकीचा मुद्दा मला येथे सर्वांत पटतो. ८×५६ चे वजन आणि उंची मात्र चालत्या शिकारीत नकोशी होते. आमचे काम बसून असते.

क्रॉसहेअरच्या जाडीविषयी कोणीच बोलले नाही, याचे आश्चर्य वाटते. बारीक रेषा कागदी निशाणावर सुंदर दिसते आणि झाडाच्या सावलीत साफ विरघळते. आमच्याकडच्या जुन्या ४ क्रमांकाच्या रेटिकलमध्ये (नेमाच्या खुणेत) तीन बाजूंनी जाड खांब आणि मध्ये बारीक फुली असते. फुली दिसली नाही तरी तीन खांबांच्या मधोमध नेम धरता येतो. उतारवयात पटींपेक्षा याने जास्त फरक पडतो, असे माझे मत आहे. फर्स्ट फोकल प्लेनचे व्हेरिएबल (ज्यांत पटींबरोबर रेषाही जाड-बारीक होते) म्हणूनच या वयात घेऊ नयेत. कमी पटींवर त्यांची रेषा केसाएवढी होते.

ब्लूबॉनेट

जाड रेटिकलविषयी सहमत. मी तर ड्युप्लेक्सशिवाय (कडेला जाड आणि मध्ये बारीक फुली) दुसरे काही घेत नाही. मात्र नेत्रतपासनीस यांचे म्हणणे नीट वाचले तर ते माझ्याच बाजूचे आहे. भर दिवसा आकुंचन पावलेली बाहुली, संध्याकाळी ५ मिलिमीटर, पाच वर्षांनी कदाचित ४.५, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की सगळेच नवे. डोळाच स्थिर नसेल तर पट कायमचे ठरवून कसे चालेल? २.५ ते ८ पटींचा, ३६ मिलिमीटर भिंगाचा हलका स्कोप ४ वर ठेवून चालावे आणि मचाणावर बसल्यावर वेळ मिळाला तर ८ वर न्यावा. भिंगांवरच्या आजच्या कोटिंगमुळे जास्त भिंगांनी प्रकाश अडतो ही जुनी तक्रारही फारशी उरलेली नाही.

सस्क्वेहानाकाठ

‘वेळ मिळाला तर’ या शब्दांतच आपला मतभेद आहे. वेळ मिळतो तेव्हा कोणताही स्कोप चालतो. मिळत नाही तेव्हा पट बदलण्याची रिंग ८ वरच राहून गेलेली असते आणि समोर फक्त तपकिरी केसांचा एक तुकडा दिसतो. जितके पट जास्त, तितका हातांचा कंपही मोठा दिसतो, आणि या वयात हात आधीसारखे स्थिर नसतात. तरीही अर्ध्या प्रकाशाचा हिशेब मला मान्य करावा लागेल: केवळ कातरवेळी, टेकण मिळणाऱ्या मचाणावरून शिकार करणाऱ्याने ६ ऐवजी ८ चा फिक्स्ड घेतला तर मी त्याला अडवणार नाही.

दुकानात निवड करू नये, एवढे मात्र सर्वांना सांगेन. दिव्यांच्या झगमगाटात बाहुली लहान असते आणि प्रत्येक स्कोप उत्तम वाटतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळा उघडावा. मान न हलवता पूर्ण गोल दिसला तर माउंटिंग बरोबर आहे. आयपीसचे लॉकिंग रिंग सैल करून ते रेटिकल अंधूक होईपर्यंत बाहेर फिरवावे, मग सूर्यापासून दूर, मोकळ्या आकाशाकडे एक-दोन सेकंदच पाहत ते हळूहळू आत आणावे आणि रेषा प्रथम स्पष्ट होते तेथे थांबावे. अर्थात, शिकारीत जो चष्मा लागणार तोच लावून.

नेत्रतपासनीस

शस्त्रक्रियेचा उल्लेख आला म्हणून एक पुरवणी. मोतीबिंदूच्या वेळी काहींना एका डोळ्यात लांबचे आणि दुसऱ्यात जवळचे भिंग बसवतात. आपण कोणत्या डोळ्याने नेम धरतो हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण नेमाच्या डोळ्यात जवळचे भिंग बसले तर आयपीस पूर्ण फिरवूनही काहींचे जमत नाही. मल्टिफोकल भिंगांनी कातरवेळी कॉन्ट्रास्ट थोडा कमी होतो आणि दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, तेव्हा शिकाऱ्याने तो पर्याय विचारपूर्वकच घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावला की आयपीस नव्याने लावावे.

ब्लूबॉनेट

ही माहिती दोन्ही पक्षांच्या उपयोगाची आहे. माझा व्हेरिएबल मात्र आहे तेथेच राहील. फिक्स्ड स्कोप बनवणारे आता फार थोडे उरले आहेत. नवा घ्यायचा तर निवड तोकडी, आणि जुना घ्यायचा तर आतल्या सीलची शाश्वती नाही. नोव्हेंबरच्या धुक्यात काच आतून पाणावलेला ६×४२ माझ्या काय कामाचा?