एमएसडब्ल्यूची गळती : पहिल्या सत्रात क्षेत्रकार्य कमी करावं का?

वैनगंगाकाठ : गडचिरोली, गोंदियाहून नागपुरात एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला) आलेली मुलं बहुतेक क्षेत्रकार्यातच, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणातच अडकतात. आठवड्याचे दोन दिवस एजन्सीत (हे काम जिथं करायचं त्या ठिकाणी), बाकीचे वर्गात; मग पोटापाण्याचं काम करायचं कधी? रिपोर्ट थकतात आणि थकले की मुलं कॉलेजात तोंड दाखवायचं टाळतात. पहिल्या सत्रात एकच दिवस ठेवा, उरलेले तास मे महिन्यात सलग भरून घ्या.

धंतोली : अजिबात पटत नाही. सोमवारी मेडिकलच्या वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकाशी झालेलं बोलणं बुधवारी केसवर्कच्या (एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामाच्या) तासाला तपासता येतं. सलग महिन्यात चूक कळेपर्यंत महिना सरतो. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना भर दुपारी वस्तीत दार कोण उघडणार?

खरी गळती आयसी, म्हणजे पर्यवेक्षकाशी एकेकट्याची चर्चा, बुडते तिथून सुरू होते. एका पर्यवेक्षकाकडे १५ मुलं आणि प्रत्येकाला अर्धा तास म्हटलं तर आठवड्याचे साडेसात तास झाले. ते निघत नाहीत, म्हणून रिपोर्टवर नुसती सही होते आणि काय चुकलं ते मुलाला कळतच नाही. पहिले चार रिपोर्ट मराठीत, एकेका पानाचे घ्या : काय पाहिलं, काय केलं, का केलं, पुढच्या भेटीत काय करणार. दोन थकले की त्याच आठवड्यात मुलाला बोलवा. सत्र संपताना बोलावून काय उपयोग?

मेस_डबा : दोघंही पैशाचं बोलत नाही. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना स्वाधार या सरकारी योजनेत नागपूरसाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आदिवासी मुलांसाठी स्वयम् आहे. पण खोलीभाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि हप्ता उशिरा येतो. त्यात उत्पन्नाचा दाखला जुना निघाला किंवा खातं आधारशी जोडलेलं नसलं की तोही अडकतो. प्रवेशाच्याच आठवड्यात कॉलेजनं प्रत्येकाची कागदपत्रं तपासावीत. एजन्सीही खोलीपासून एका बसनं जाता येईल अशीच द्यावी. दोन बस बदलायच्या म्हटलं की हजेरी तिथंच पडते.

वैनगंगाकाठ : मे महिन्याचा मुद्दा मान्य. पण धंतोली, शिक्षकांची पदंच रिकामी असतील तर साडेसात तास देणार कोण? निदान पहिले सहा आठवडे तरी एकच दिवस हवा.

धंतोली : सहा आठवडे चालतील, पण त्यात ओरिएंटेशन भेटी आणि रिपोर्टलेखन पक्कं करून घ्यायचं. राहिलेले तास दिवाळीनंतरच्या शनिवारी. आणि जो मुलगा रात्रपाळी करतो, त्याला सकाळची ओपीडी देऊ नका. दुपारची वस्ती द्या.