मदत हवी आहे: अर्धवट कबुलीला नियमशास्त्र की सुवार्ता?

चर्चच्या मंडळीतल्या जोडप्यांसाठी घरातल्या क्षमेवर टिपण लिहिताना एका जागी अडलंय. ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतली ख्रिस्ती) शिकवण जाणणाऱ्यांनी कृपया सांगावं.

निर्ढावलेल्याला नियमशास्त्र (पाप दाखवून देणारी देवाची आज्ञा), खचलेल्याला सुवार्ता (ख्रिस्ताखातर क्षमेचं वचन), इथवर ठीक. घरात घोळ होतो तो दोन्हींच्या भेसळीने. 'माफ केलं, पण पुन्हा असं झालं तर बघ!' यात क्षमेला अट चिकटते आणि ऐकणाऱ्याकडे फक्त धमकी उरते. उलट, समोरचा चूक नाकारत असताना 'जाऊ दे, काही नाही' म्हटलं, तर पाप नुसतं झाकलं जातं. म्हणून क्रम असा ठेवलाय: मत्तय १८:१५ प्रमाणे एकांतात बोलायचं, एकच घटना नेमकी सांगायची ('तू नेहमीच' हे शब्द नकोत), कबुलीला वेळ द्यायचा, आणि ती आली की 'ख्रिस्ताखातर तुला क्षमा केली' म्हणून तिथेच थांबायचं. मारहाण असेल तिथे अर्थातच आधी सुरक्षितता.

पण 'चुकलं माझं, पण तूसुद्धा...' असं उत्तर आलं तर? हा पश्चात्ताप धरायचा की स्वसमर्थन? मला ते स्वसमर्थनच वाटतं, तरी त्यामागे भीती असेल तर आणखी नियमशास्त्राने माणूस मोडेल.

शिवाय पुढे कसं वागायचं हे बोलणं, म्हणजे १५७७च्या फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड या ल्यूथरन विश्वासपत्राच्या सहाव्या कलमातला नियमशास्त्राचा तिसरा उपयोग (विश्वासणाऱ्याला वागण्याची वाट दाखवणं), त्याच बैठकीत काढावं की नंतर?