इंजिन बंद करण्याची घाई कशाला?

‘इंजिन बिघडलं की वैमानिकाने ते तत्क्षणी बंद करावं’ हे मत मला धोक्याचं वाटतं. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावरही टेक-ऑफ पूर्ण करून वर चढू शकेल, असंच बनवलेलं असतं. म्हणून पहिलं काम रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) नाक सरळ ठेवणं आणि वेग सांभाळणं. बऱ्याच कंपन्यांत ४०० फुटांखाली इंजिनाच्या लिव्हरला हातच लावत नाहीत. त्यानंतरही एकाने कोणतं इंजिन ते मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने खात्री करायची, मगच लिव्हर ओढायची.

४ फेब्रुवारी २०१५ आठवा. तैवानमध्ये तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशिया कंपनीचं एटीआर ७२ हे दोन प्रॉपेलरचं प्रवासी विमान निघालं. सुमारे १२०० फुटांवर उजव्या बाजूचा प्रॉपेलर आपोआप फेदर झाला, म्हणजे पाती वाऱ्याच्या दिशेला वळली आणि विमानाला पुढे खेचणारा त्या बाजूचा जोर संपला. डाव्या इंजिनाने आपणहून जोर वाढवला होता. यंत्रणेने तिचं काम चोख केलं होतं! पण कॅप्टनने त्याच धडधाकट डाव्या इंजिनाची लिव्हर मागे घेतली. सहवैमानिक ‘थांबा, तपासून घेऊ’ म्हणाला होता, हे वाचून आजही पोटात कालवतं. पुढे ते इंजिन बंदही केलं गेलं. चूक कळून ते पुन्हा चालू करेपर्यंत उंची उरली नव्हती. विमान कीलुंग नदीत कोसळलं. ५८ पैकी ४३ जण गेले.

१९८९ साली इंग्लंडमध्ये केगवर्थलाही चुकीचंच इंजिन बंद झालं होतं, तिथे ४७ बळी गेले.