क्रेडिट कार्डाच्या बिलात बँकेचा घोळ : खान्देशकरांनो, तुमचं काय झालं ते सांगा

जळगावकर
मंडळी, ड्यू डेटला संध्याकाळी यूपीआयने पूर्ण बिल भरलं, खात्यातून पैसे तेव्हाच गेले, पण कार्डावर जमा दाखवले दोन दिवसांनी. पुढच्या बिलात लेट फी 750 अन् वर 18 टक्के जीएसटीचे 135. कस्टमर केअरवाली म्हणे सर सिस्टिमने लावलंय. सिस्टिम काय आभाळातून पडली का भो? रिझर्व्ह बँकेचे कार्डाचे नियम आहेत, त्यात सरळ आहे की तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते. पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) टाकून मेल केला, 750 परत आले, 135 तसेच! फीच चुकीची, तर तिच्यावरचा टॅक्स बरोबर कसा? परत मेल, परत वाट बघा, तेव्हा कुठे तेही आले. तुमच्याकडचे किस्से टाका, बँकेचं नाव नका लिहू, उगा भांडणं होतात.

केळीवाला, रावेर
माझं छोटं आहे. खताच्या दुकानात कार्ड घासलं, मशीन म्हणे डिक्लाइन, रोख देऊन मोकळा झालो अन् बिलात ती रक्कम हजर. डिक्लाइनची पावती होती म्हणून वाचलो. त्या पावतीचा फोटो लगेच काढत जा, आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर काही वाचता येत नाही. दुकानदार आबांनी पैसे आले नाहीत म्हणून लिहून दिलं, बँकेकडे डिस्प्यूट म्हणजे व्यवहार मान्य नसल्याची तक्रार टाकली, रक्कम परत.

देवपूरची ताई, धुळे
माझं लांबलं. कार्ड बंद करायचा मेल टाकला, सगळं बिल चुकतं केलं, कार्ड कात्रीने कापलं, विषय संपला असं वाटलं. तर वार्षिक फी आली, मग तिच्यावर व्याज, मग व्याजावर जीएसटी, आणि फोन केला की मॅडम तुमची क्लोजरची रिक्वेस्टच दिसत नाही. घराचं कर्ज काढायला गेलो तेव्हा कळलं की सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, थकबाकी दिसतेय. सासरे म्हणाले भरून टाक अन् मिटव. मी नाही भरले, जे देणंच नाही ते भरायचं कशाला आणि भरलं की आपणच कबूल केल्यासारखं होतं. तो जुना मेल शोधून काढला आणि तारखेसकट लिहिलं की येणं काही बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, तेव्हा माझा हिशोब करून पाठवा. आधी महिनोन्महिने ऐकू न येणाऱ्या लोकांचा स्वतःहून फोन आला! फी गेली, व्याज गेलं, दंडाचे पैसे मात्र रडतखडत आणि मी मागितले त्यापेक्षा कमीच दिले. सिबिलची तक्रार वेगळी टाकावी लागते बरं का, बँकेने फी काढली म्हणजे तिथलं आपोआप निघत नाही. तिथे 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

निवृत्त कारकून, चाळीसगाव
ताई, बरोबर केलंत. मी आयुष्यभर बँकेतच होतो म्हणून सांगतो, शाखेत जाऊन मॅनेजरवर ओरडू नका, बऱ्याच बँकांत कार्डाचा कारभार मुंबई नाहीतर चेन्नईहून चालतो, शाखेतल्या पोराला स्क्रीनवर काही दिसतच नाही. पण अर्ज शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ती पोच महत्त्वाची. फोनवरच्या तक्रारीचा नंबर घेतला नाही तर ती तक्रार झालीच नाही असं धरा. बिलाबद्दल तक्रार केली की 30 दिवसांत कागदपत्रांसह खुलासा द्यावा लागतो बँकेला, आणि ते 30 दिवस मोजायचे कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. अजून एक, वाद जेवढ्या रकमेचा तेवढीच मागे ठेवा, बाकीचं बिल वेळेत भरा. रागाच्या भरात सगळं थांबवलं की व्याज आपल्याच डोक्यावर.

भुसावळ जंक्शन
काका, आमच्या शाखेत शिक्काच देत नव्हते, म्हणे ऑनलाइन करा. मग रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोस्टाची पावती आणि सही होऊन आलेलं पोचेचं कार्ड, कोण नाही म्हणतो बघू.

नंदुरबारहून
आमच्या आबांचं चालू आहे अजून. कार्ड न मागता घरी आलं, चालू पण केलं नाही, कपाटात पडलं, अन् वर्षाने फीचं बिल, मग वसुलीवाल्यांचे फोन. आबा आपले त्यांना अहिराणीतच ऐकवतात, मी कार्ड मांगंच नही, पैसा कसाना भरू? तो पोरगा हिंदीत सर सर करत बसतो. न मागता दिलेल्या कार्डावर पैसे लावले तर ते उलटवून वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो, हे लिहून दिलं तरी बँकेचं उत्तर नाही. 30 दिवस उलटले, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांच्या सीएमएस या वेबसाइटवर तक्रार फुकट टाकता येते, 14448 वर माहिती मिळते, पण आबांना कागदच पाहिजे म्हणून मराठीत अर्ज लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला पाठवतोय, तिथे कुठल्याही भाषेत घेतात. शिक्का मारलेल्या पोचेची झेरॉक्स सोबत जोडलीय. वसुलीवाल्यांचे फोन कसे बंद करायचे ते कोणाला माहीत असेल तर सांगा भो, आबा आता अनोळखी नंबर दिसला की मुद्दाम उचलतात.