खाज्या नाईकाने केलं ते ‘बंड’ की ‘उठाव’?

मी शिरपूर तालुक्यात शाळेत इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात अठराशे सत्तावन्नचा धडा चालू होता. पुस्तकात आपल्या भागाचं एखादंच वाक्य येतं, म्हणून सातपुड्यात इंग्रजांशी लढलेल्या भिल्ल खाज्याबद्दल मी स्वतः फळ्यावर लिहिलं, ‘खाज्या नाईकाचे बंड’. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. घर सातपुड्याच्या पायथ्याला, घरात पावरी बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकला. त्याने विचारलं, “बाई, खाज्या नाईक कुठल्या पक्षाचा होता?”

आधी मला कळेना. मग लक्षात आलं. निवडणुकीचे दिवस. पेपरात रोज ‘अमक्याचं बंड’, ‘तमक्याची बंडखोरी थंडावली’. तिकीट मिळालं नाही की माणूस बंड करतो, एवढंच त्याने ‘बंड’बद्दल वाचलेलं. मी खडू खाली ठेवला. त्या मुलाच्याच डोंगरातला माणूस, आणि त्याच्या कामाला मी असा शब्द लावला होता.

तेव्हा जाणकारांना विचारते, इथे बंड म्हणावं, उठाव म्हणावं, की आणखी काही?

अमळनेरहून उत्तर:

ताई, बंड या शब्दाला इतकं हलकं समजू नका. अन्यायाविरुद्ध बंड पुकारणं हे मराठीत मानाचंच बोलणं आहे. पेपरवाल्यांनी तो शब्द झिजवला, त्यात शब्दाचा काय दोष? शिवाय अर्थाने पाहिलं तर बंड अगदी बरोबर बसतं. ज्याची चाकरी करतो त्याच्यावरच उलटणं म्हणजे बंड. मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण खाज्याकडेच होती, इंग्रजांनीच दिलेली. त्याच घाटात १८५७ मध्ये त्याने सरकारी खजिना लुटला.

एक मात्र तुमच्या बाजूने सांगतो. आधी सगळे ‘शिपायांचं बंड’ म्हणत. सावरकरांनी त्याला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं आणि सत्तावन्नकडे बघायची मराठी माणसाची नजर बदलली. शब्द बदलून फरक पडतो, हे मला मान्य आहे.

रावेरहून:

आमच्याकडे ‘उठाव’ म्हटलं की आधी केळी आठवतात. “आज उठाव आहे का?” म्हणजे व्यापारी माल उचलताहेत का. तुमच्या धुळ्याकडे अहिराणीत म्हणतील, “मालले उठाव नही.” चित्रकार म्हणतो, रंगाला उठाव दिला. सगळीकडे अर्थ एकच, खाली पडून राहिलेलं वर येणं. मला तर हा शब्द इथे फार चांगला वाटतो. बंडाला समोर कुणीतरी मालक लागतो. उठावाला लागत नाही, माणूस स्वतःच उठतो.

आणि भाऊ, सत्तावन्नचं बोलताय तर ‘टोळी’ या शब्दाकडेही बघा. औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. तोच भिल्ल, तोच तिरकमठा, तोच डोंगर. इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला की ‘पलटण’, समोर उभा राहिला की ‘टोळी’. आपण मराठीत लिहितानाही तसंच लिहीत आलो.

मी पुन्हा:

रावेरच्या दादांनी टोळीबद्दल लिहिलं ते वाचून मी माझ्या जुन्या टाचणवह्या काढल्या. माझ्याच अक्षरात ‘खाज्या नाईकाची टोळी’ तीन ठिकाणी सापडली. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला त्याचे लोक इंग्रज फौजेशी समोरासमोर लढले, कित्येक जण तिथे पडले. लढाईत पडलेल्यांना मी टोळी म्हणत होते.

अमळनेरच्या दादांचा मुद्दा खोडायचा तर थोडं मागे जावं लागेल. खानदेश इंग्रजांकडे गेला १८१८ ला. त्याआधीपासून या डोंगरवाटांची राखण भिल्ल नाईकांकडे होती आणि त्याबद्दल वाटेवरून, गावांकडून त्यांना ठरलेलं मिळायचं. त्यांचाच हक्क इंग्रजांनी ताब्यात घेतला आणि मग नोकरी म्हणून परत हातावर ठेवला. मग धनी कोण आणि चाकर कोण? ज्याचा घाट तोच उठला, तर त्याला बंड कसं म्हणायचं?

‘नाईक’ हे आडनाव नव्हे, हेही मुलांना सांगायला हवं. नायक आणि नाईक एकच शब्द. खाज्या नाईक, भीमा नाईक म्हणजे आपल्या लोकांचे पुढारी. फळ्यावर नाव लिहिलं तेव्हा पुढारी हा शब्द त्यात आधीच होता, मला दिसला नव्हता.

अमळनेरहून पुन्हा:

पटलं, ताई. बंड मागे घेतो. पण मग उद्या कुणी ‘लूट’ही काढा म्हणेल, ते मी होऊ देणार नाही.

१४ एप्रिल १९४४ ची चिमठाण्याची गोष्ट घ्या. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना भूमिगतांनी वाटेत अडवला, साडेपाच लाख रुपये. आपले डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याकडून आलेले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी. कायद्याच्या पुस्तकात पाच जण मिळून असं करतात तेव्हा त्याला दरोडा म्हणतात. पण खानदेशात ‘चिमठाण्याचा दरोडा’ कुणाच्या तोंडी आलेला मी ऐकला नाही. सगळे ‘चिमठाण्याची खजिना लूट’च म्हणतात. कारण लूट म्हटलं की मराठी माणसाला सुरत आठवते, आणि सुरत आपल्याला काही फार लांब नाही. दसऱ्याला आपण सोनं लुटतो. दरोड्यात घर फोडलेलं असतं, लुटीत सीमोल्लंघन असतं. सरकारी शब्द दरोडा होता, लोकांनी तो घेतलाच नाही.

नंदुरबारचंही तसंच. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची मुलं झेंडा घेऊन निघाली, “नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं” म्हणत. कायद्याच्या भाषेत तो बेकायदा जमाव. नंदुरबार आजही मिरवणूक म्हणतं. घोषणा गुजरातीत आहे म्हणून कुणी तिचं मराठी केलं नाही, हेही मला मोलाचं वाटतं. नमशे म्हणजे झुकेल. हा अर्थ इथल्या लहान मुलालाही सांगावा लागत नाही.

मी पुन्हा:

लूट राहू द्या, मलाही ती हवी आहे.

आज फळ्यावर लिहिलं, ‘खाज्या नाईकाचा उठाव, १८५७–५८. अंबापाणीची लढाई.’ टोळीच्या जागी ‘खाज्या नाईकाची फौज’. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने वहीत उतरवून घेतलं आणि तास संपल्यावर थांबला. अंबापाणी कुठे आहे, विचारत होता. नकाशावर सातपुड्याच्या रांगेत बोट ठेवून दाखवलं. त्याने त्याच बोटाच्या खाली आपलं गाव शोधलं.