आल्प्समधल्या त्याच गावात पुन्हा पुन्हा का जायचं?

डोंगरवेडी

सप्टेंबरात आम्ही दोघं चौथ्यांदा म्युरेनला निघालोय. नणंदबाई म्हणाल्या, "परत तेच? एवढ्या पैशात नॉर्वे झालं असतं." घरात बहुतेकांचं हेच मत आहे. मला ते पटत नाही, म्हणून इथे मांडते.

म्युरेन स्वित्झर्लंडमध्ये, लाउटरब्रुनेनच्या दरीवर, कड्याच्या अगदी काठावर आहे. उंची १,६३८ मीटर, वस्ती जेमतेम चारशेची, खाजगी मोटारींना मज्जाव. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं.

१९९९ मध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवसांत सगळं 'उरकलं'. रोपवेने शिल्टहॉर्न शिखर झालं, रेल्वेने युंगफ्राउयोखची खिंड झाली, फोटो झाले. गाव पाहिलंच नाही. दुसऱ्या खेपेला तीन दिवस ढगांनी एकही शिखर दिसू दिलं नाही. मग खाली अर्ध्या तासावरच्या गिमेलवाल्डला चालत गेलो. उभ्या उतारावर एक आजोबा लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापत होते आणि त्यांची सून ते दाताळ्याने ओढत होती. हिवाळ्यात गाई गोठ्यात असतात, तेव्हा हाच चारा. त्या उतारावर यंत्र चालवणं अवघड, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. ऊन असतं तर मी पुन्हा रोपवेच्या रांगेत असते.

आणि तो आवाज! पहिल्या वेळी निरभ्र आकाशात गडगडाट झाला तेव्हा ह्यांनी छत्री काढली होती. समोरच्या भिंतीवरून बर्फ कोसळतो त्याचा तो आवाज. आता तो ऐकला की आलो एकदाचे, असं वाटतं.

पांथस्थ

ताई, लिहिलंय छान, पण मी नणंदबाईंच्या बाजूने. नोकरदाराला वर्षाला दोन आठवडे सुट्टी मिळते, त्यात शेंगेन व्हिसाची धावपळ. आल्प्समधलेच डोलोमाइट्स, शामोनी, टिरोल, काहीच न बघता चौथ्यांदा तिथेच?

दुसरं, जरा स्पष्ट बोलतो. तुम्ही जिला गावाची ओळख म्हणताय, ती पाहुण्याची ओळख आहे. ते आजोबा, ती सून काय बोलत होते ते तुम्हाला कळलं का? नऊ-दहा वर्षांनी चार दिवस जाऊन गाव आपलं होत नाही. त्या चार दिवसांची आठवण आपली होते, आणि आपण तीच आठवण पुन्हा विकत घेतो.

डोंगरवेडी

भाषेचा मुद्दा मान्य. तिथली बोली मला कळत नाही. पण तीच आठवण पुन्हा मिळते, हे खरं नाही. पहिल्यांदा आम्ही लाउटरब्रुनेनहून ग्रूचाल्पला दोरावर चढणाऱ्या जुन्या रेल्वेने गेलो. ती १८९१ पासूनची होती. २००६ मध्ये ती बंद झाली आणि रोपवे आला. दुसऱ्या खेपेला ते पाहून मला फार वाईट वाटलं होतं. डिसेंबर २०२४ पासून तर स्टेखेलबेर्गहून नवा रोपवे चार मिनिटांत थेट म्युरेनला पोचवतो. जगातला सगळ्यात तीव्र चढाचा! बदल दिसायला आधीचं पाहिलेलं असावं लागतं. एकदाच जाणाऱ्याला सगळं कायमचंच वाटतं.

सह्यमित्र

माझा विरोध वेगळ्या कारणाने. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ गेला. ज्या डोंगरावर एवढं प्रेम आहे, त्यासाठी दर वेळी मुंबईहून विमानाने जायचं हे माझ्या मनाला पटत नाही. माझं आवडतं गाव हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई आहे. वीस पावसाळे तिथे जातोय, एसटीने.

बासेलकर

मी इथे स्वित्झर्लंडमध्ये अकरा वर्षं आहे. पर्यटनाचा त्रास होतो तो दोन तासांसाठी येणाऱ्यांचा. लाउटरब्रुनेन ग्रामपंचायतीची लोकसंख्या सुमारे २,४००. तिथल्या धबधब्यासोबत फोटो काढून निघून जाणाऱ्या गर्दीपायी मोटारीने येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावायचा विचार त्यांना २०२४ मध्ये करावा लागला. ऑस्ट्रियातलं हालश्टाट आठशेहून कमी वस्तीचं, पण गर्दीच्या दिवशी दहा हजार लोक येतात. २०२३ मध्ये गावकरी निषेधाला रस्त्यावर उतरले. सप्टेंबरात आठवडाभर राहून तिथल्याच दुकानातून चीज घेणारी ताईंसारखी माणसं गावाला हवी आहेत.

फक्त एक. परत येणाऱ्यांचं प्रेम वाढलं की ते घर घेतात. मग वर्षातले दहा महिने खिडक्या बंद, आणि गावातल्या तरुण जोडप्याला घर परवडत नाही. म्हणूनच २०१२ च्या सार्वमतात लोकांनी कौल दिला की कुठल्याही गावात अशी दुय्यम घरं २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. परत या, पण पाहुणे म्हणूनच.

पांथस्थ

हे माहीत नव्हतं. तरी सुट्टीचं गणित सुटत नाही. चाळिशीत नवं बघावं, साठीनंतर परत जावं, इथवर मी येतो.

लोनझाकाठ

साठीनंतर म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय. परत परत जावं असं माझं गाव ब्लाटेन होतं, स्वित्झर्लंडमधल्याच लोएचेनटाल दरीतलं. गोपेनश्टाइनला गाडीतून उतरायचं आणि पिवळ्या पोस्टबसने वर जायचं. उन्हाने काळी पडलेली लाकडी घरं, मधून अरुंद बोळ. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा निवृत्तीनंतर सावकाश जाऊ, असं ठरवलं होतं.

मे २०२५ मध्ये वरच्या डोंगराचे कडे बिर्च हिमनदीवर ढासळू लागले. तिच्यावरचा भार वाढत गेला. सुमारे तीनशे माणसांना आधीच हलवलं होतं. २८ मे रोजी दुपारी हिमनदी खडकांसकट खाली आली आणि बहुतेक गाव गाडलं गेलं. दरीत असलेला एक माणूस गेला. लोनझा नदी अडून उरलेल्या घरांत पाणी शिरलं.

सह्यमित्र, विमानाबद्दलचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. गावकऱ्यांनी गाव पुन्हा उभारायचं ठरवलंय. मी पुढच्या जूनमध्ये खालच्या किप्पेलला राहणार आहे. वर काय उरलंय ते पाहायचं धाडस होईल की नाही, आज सांगता येत नाही.

डोंगरवेडी

लोनझाकाठ, तुमचं वाचून ह्यांना वाचून दाखवलं. म्युरेनहून परतताना आम्हीही किप्पेलला एक रात्र थांबतो.